बियाण्याची उगवण छापता, मग औषधाचे विघटन का नाही?



कपाशीच्या औषधाची बाटली हातात घेतली की पहिली नजर जाते ती रंगीत त्रिकोणावर. लाल म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांनी हा त्रिकोण सक्तीचा केला. तो उपयोगाचा आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण हा त्रिकोण एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. हे औषध पोटात किंवा अंगावर गेले तर माणसाला किती धोका? दुसरा प्रश्न त्रिकोणाला ठाऊकच नाही. हेच औषध पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात, शेततळ्यात आणि विहिरीत उतरले, तर तिथे ते किती दिवस राहणार?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले. तेव्हा पहिला प्रश्न साऱ्या देशाने विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. दुसरा प्रश्न मात्र मागेच राहिला. कारण पाण्यातले विष माणसाला शिवारात आडवे पाडत नाही, त्याची बातमी होत नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याला हा दुसरा प्रश्न बागायतदारापेक्षा जास्त जवळचा आहे. आपल्या विहिरीला कालव्याचे पाणी येत नाही. जे काही येते ते पावसाळ्याच्या चार महिन्यांत, आणि कपाशीवर फवारणी होते तीही मुख्यतः त्याच दिवसांत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते. पावसाची उघडीप लांबली तर पुन्हा भेगाळते, आणि पुढच्या सरीचे पाणी जमिनीत मुरत मुरत जाण्याऐवजी भेगांतून सरळ खाली जाते. त्याखाली काळा कातळ आणि कातळाच्या फटी. वरचे पाणी विहिरीत पोचायला वाट मोकळी आहे. त्याच विहिरीवर माणसे पाणी पितात, बैल पाणी पितात.

तेव्हा प्रश्न साधा आहे. पाण्यात गेलेले रसायन संपते का, आणि किती दिवसांत? या प्रश्नाची परीक्षा जगात आहे, गेली चाळीसच्या वर वर्षे आहे. निकाल कंपन्यांच्या फायलींत असतात. शेतकऱ्याच्या हातातल्या बाटलीवर तेवढे नसतात. आमचे म्हणणे त्याबद्दल आहे.

उगवण तपासणीसारखीच परीक्षा

घरचे ज्वारीचे बी पेरण्याआधी आपण काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, काही दिवसांनी उघडतो आणि मोड आलेले दाणे मोजतो. विकतच्या प्रमाणित ज्वारीला किमान ७५ टक्के उगवण लागते, आणि पिशवीच्या लेबलावर ती टक्केवारी व तपासणीची तारीख छापावी लागते. दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

पाण्यातल्या रसायनाची परीक्षा याच धर्तीची आहे. पॅरिसच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, १९८१ साली ती ठरवली आणि १९९२ साली सुधारली. तिचा क्रमांक ३०१. तिच्या सहा पद्धती आहेत, पण गाभा एकच. स्वच्छ पाण्यात थोडे क्षार घालायचे, तपासायचे रसायन थोडे घालायचे, आणि शहराच्या सांडपाण्याच्या केंद्रातले, नदीतले किंवा मातीतले जिवाणू सोडायचे. जिवाणूंना खायला त्या रसायनाखेरीज दुसरे काही ठेवायचे नाही. तापमान २२ अंशांच्या आसपास, आणि मुदत २८ दिवसांची.

जिवाणूंनी रसायन खाल्ले तर ते श्वास घेणारच. पाण्यातला प्राणवायू कमी होतो, कर्ब वायू बाहेर पडतो. तो मोजायचा. सगळेच रसायन जळून गेले असते तर जेवढा वायू निघाला असता, त्याच्या ६० टक्के निघाला तर रसायन पास. पाण्यात विरघळलेला कर्ब किती घटला हे मोजायचे असेल तर पास व्हायला ७० टक्के लागतात. आणखी एक अट असते. विघटन १० टक्क्यांवर पोचले त्या दिवसापासून दहा दिवसांत हा टप्पा गाठावा लागतो. रेंगाळत रेंगाळत अठ्ठाविसाव्या दिवशी कसेबसे साठ गाठले तर बहुतेक पद्धतींत ते चालत नाही. जे पास होते त्याला ‘सहज विघटनशील’ म्हणतात.

साठच का, शंभर का नाही, असे कोणी विचारील. बैलाने खाल्लेला सगळा कडबा कामात जात नाही, काही त्याच्या अंगाला लागतो. जिवाणूंचेही तसेच. खाल्लेल्यातला काही भाग त्यांच्या शरीरात जातो, तो वायूच्या मोजणीत दिसत नाही.

चोरवाटा बंद करण्याची सोयही आहे. एका बाटलीत फक्त जिवाणू, रसायन नाही. दुसऱ्या बाटलीत सोडियम बेन्झोएटसारखा जिवाणूंना सहज पचणारा पदार्थ. हा पदार्थ चौदा दिवसांत पास झाला नाही तर जिवाणूच मेलेले किंवा निकामी आहेत असे समजून सारी परीक्षा रद्द. तिसऱ्या बाटलीत तो पदार्थ आणि रसायन दोन्ही, म्हणजे रसायन जिवाणूंनाच मारते आहे का ते कळते. शेतात नवे औषध पाहताना दोन तासे बिनफवारणीची ठेवणारा शेतकरी हे तत्त्व बरोबर ओळखेल.

हा प्रश्न कोणी आणि का विचारला

ही परीक्षा शास्त्रज्ञांची हौस म्हणून जन्माला आलेली नाही. १९६८ साली पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी नावाचे कारखान्यातले रसायन मिसळले गेले. तेल तापवण्याच्या यंत्रातून ते गळले होते. ते तेल खाऊन हजारो माणसे आजारी पडली. पीसीबी लवकर विघटत नाही, ते प्राण्याच्या चरबीत साचत जाते. त्या अनुभवानंतर जपानने १९७३ साली रसायनांचा कायदा केला. नव्या रसायनाला त्या कायद्यात विचारायचा एक पहिला प्रश्न असा, की जिवाणू हे खाऊन संपवतात का? आज ओईसीडीच्या सहा पद्धतींत एक पद्धत जपानची आहे. तिच्यात नद्या, तळी, समुद्र आणि सांडपाणी अशा किमान दहा ठिकाणचे नमुने एकत्र करतात.

दुसरा धडा कपडे धुण्याच्या पावडरीने दिला. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत नव्या पावडरी आल्या आणि नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. त्या पावडरीतल्या रेणूला फांद्या होत्या. जिवाणू सरळ साखळी टोकाकडून खात जातो, पण फांदी आली की अडतो, जसा गाठीच्या लाकडात करवत अडतो. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला. १९६० च्या दशकात कारखान्यांनी फांदीचा रेणू सोडून सरळ साखळीचा घेतला आणि फेस ओसरला. धुणे थांबले नाही, कारखाने बुडाले नाहीत. प्रश्न विचारला गेला म्हणून माल सुधारला. आमच्या मते या साऱ्या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

दिसेनासे झाले म्हणजे संपले काय?

उकिरड्यात हिरवा पाला लवकर कुजतो. पऱ्हाटी वर्षभर तशीच राहते. पण पऱ्हाटीचे बारीक तुकडे केले तर लांबून ती दिसेनाशी होते. म्हणून तिचे खत झाले असे कोणी म्हणेल काय? रसायनांच्या बाबतीत नेमकी ही फसगत होते. मूळ पदार्थ मोडला, त्याचे नाव बदलले, एवढ्यावर ‘विघटन झाले’ असे सांगितले जाते. मोडून जे उरले ते संपले का, हा खरा प्रश्न आहे.

एंडोसल्फान आपल्या कपाशीवर वर्षानुवर्षे पडले. मातीतले जिवाणू त्याचे एंडोसल्फान सल्फेट करतात. मूळ औषध कमी झालेले दिसते, पण हे सल्फेट जवळजवळ तेवढेच विषारी असते आणि मूळ औषधापेक्षा जास्त टिकते. २०११ साली स्टॉकहोम कराराच्या देशांनी एंडोसल्फान टिकून राहणाऱ्या विषांच्या यादीत घातले, आणि त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली. तोवर काही दशके ते फवारून झाले होते.

दुसरे उदाहरण औषधात मिसळायच्या स्टिकरचे. औषध पानावर पसरावे, चिकटावे म्हणून जे द्रव वापरतात त्यांत नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट हा एक जुना आणि स्वस्त प्रकार आहे. पाण्यात गेल्यावर जिवाणू त्याची लांब शेपटी खातात, तेव्हा फेस जातो, पाणी बरे दिसते. पण शेपटी गेल्यावर उरते ते नोनिलफिनॉल, आणि ते मूळ पदार्थापेक्षा माशांना जास्त विषारी आहे, शिवाय ते त्यांच्या शरीरात मादीच्या संप्रेरकासारखे काम करते. १९८४ साली स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी सांडपाण्याच्या गाळात ते मोठ्या प्रमाणात साचलेले दाखवले. २००३ साली युरोपीय संघाने या दोन्ही पदार्थांच्या अनेक वापरांवर निर्बंध घातले, त्यांत कीटकनाशकांत मिसळण्याचा वापरही होता. आपल्याकडे स्टिकरच्या किती बाटल्यांवर आतल्या पदार्थाचे पूर्ण नाव वाचायला मिळते, ते ज्याने त्याने पाहावे.

युरोपच्या १९७३ च्या नियमाने धुण्याच्या पावडरीला एवढेच विचारले होते की मूळ पदार्थ मोडतो का. २००४ च्या नियमाने विचारले की तो शेवटपर्यंत संपतो का, २८ दिवसांत ६० टक्के वायू निघतो का. प्रश्न सुधारायला त्यांना तीस वर्षे लागली. आपल्याला तेवढी वाट पाहायचे कारण नाही, कारण आता सुधारलेला प्रश्न तयार आहे.

पास-नापासाचा अर्थ नीट समजून घ्या

इथे आम्हाला आपल्याच काही कार्यकर्त्यांना सावध करायचे आहे. ही परीक्षा मुद्दाम कडक ठेवलेली आहे. तिच्यात नापास झालेले रसायन पाण्यात कायम राहते असा अर्थ होत नाही. कीटकनाशकांतली बहुतेक मूळ द्रव्ये या परीक्षेत नापासच होतात. म्हणून ‘नापास म्हणजे बंदी’ अशी आरोळी ठोकणारा माणूस कपाशी पिकवणारा नसणार. नापास रसायनाला पुढच्या परीक्षा असतात. जास्त गाळ घालून केलेली, खऱ्या तळ्या-नद्यांच्या पाण्यातली, तळाच्या गाळातली, मातीतली. त्यांतून ‘निम्मे होण्याचा काळ’ मिळतो. एखादे औषध तीस दिवसांत निम्मे होत असेल तर नव्वद दिवसांनी शंभरातले साडेबारा उरेल. हा आकडा कोणत्याही शेतकऱ्याला समजतो आणि दोन औषधांत निवड करायला उपयोगी पडतो.

उलट, पास झालेले रसायन विहिरीत ओतायला परवाना मिळाला असेही नाही. परीक्षा प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात, जिवाणू भरपूर घालून होते. खोल विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात जिवाणू कमी, त्यांना खायला कमी, प्राणवायूही कमी. तिथे तेच रसायन जास्त दिवस राहू शकते. बियाण्याला लावायचे इमिडाक्लोप्रिड आपल्या ओळखीचे आहे. उथळ, स्वच्छ पाण्यात ऊन लागले तर ते तासांच्या हिशेबात मोडते. अंधारात, साध्या पाण्यात ते महिनोन्महिने टिकते. शेततळ्यातला हिशेब विहिरीला लागू पडत नाही.

आणि ‘पर्यावरणपूरक’, ‘बायोडिग्रेडेबल’ असे मोठ्या अक्षरांत छापून चार पैसे जास्त घेणाऱ्या बाटल्यांबद्दल. ही परीक्षा मुळात एकेका पदार्थाची आहे. बाटलीत मूळ द्रव्य, द्रावक, स्टिकर असे चार-पाच पदार्थ असतात. चारांतले तीन संपले आणि एक टिकला तरी सरासरी चांगली दिसते. म्हणून कोणता पदार्थ, कोणती परीक्षा, किती दिवस आणि किती टक्के, हे चार शब्द नसतील तर त्या छापील दाव्याला किंमत देऊ नका. तांबे असलेल्या बुरशीनाशकाला तर हा शब्दच लागू नाही. तांबे कोणताही जिवाणू खाऊन संपवत नाही.

आमची मागणी

कोणी म्हणेल, संघटना एकीकडे सरकारी जोखड काढा म्हणते आणि दुसरीकडे नवा नियम मागते. यात विसंगती नाही. आम्ही परमिट मागत नाही, इन्स्पेक्टर मागत नाही, बंदी मागत नाही. कोणते औषध घ्यायचे ते शेतकरी ठरवील. पण बाजार मोकळा असावा असे म्हणणाऱ्याने मालाची माहितीही मोकळी असावी असे म्हटले पाहिजे. एकाला सगळे माहीत आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशा सौद्याला बाजार म्हणत नाहीत. आपल्या कापसाचा धागा, ओलावा आणि कचरा पाहूनच व्यापारी भाव बोलतो. त्याने घ्यायचा माल तपासून घ्यायचा आणि आपण घ्यायचा माल डोळे मिटून, हा कुठला न्याय?

खर्च वाढेल ही सबबही चालणार नाही. युरोपात वर्षाला एक टनाच्या वर रसायन विकायचे तर सेंद्रिय रसायनांच्या विघटनाची ही माहिती सर्वसाधारणपणे द्यावीच लागते. भारत ओईसीडीचा सभासद नाही, पण २०११ पासून भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे असे निकाल त्या सर्व देशांत स्वीकारले जातात. म्हणजे इथे, आपल्या देशात केलेल्या परीक्षेचा कागद परदेशी गिऱ्हाइकाला दाखवता येतो. तोच कागद देशी गिऱ्हाइकाला दाखवायला कोणती अडचण आहे?

म्हणून जिल्हा बैठकीत पुढील तीन ओळींची मागणी ठरावाने करावी. प्रत्येक औषधाच्या आणि स्टिकरच्या माहितीपत्रकावर, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत:

१. आतल्या प्रत्येक मुख्य पदार्थाचे नाव, स्टिकर व द्रावक धरून.

२. पाण्यातल्या विघटनाची परीक्षा कोणती, किती दिवसांत किती टक्के, पास की नापास. नापास असल्यास पाण्यात आणि मातीत निम्मे होण्याचा काळ.

३. मोडल्यावर टिकून राहणारे काही उरते का, उरत असल्यास त्याचे नाव.

मागणी मान्य होईपर्यंत माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हातात आहेच. तालुक्यात सर्वाधिक खपणाऱ्या पाच औषधांची नावे काढून त्यांची ही माहिती प्रत्येक तालुका शाखेने लेखी मागावी.

आपल्या हातातले कामही सोडू नये. पंप विहिरीच्या काठावर किंवा नाल्यात धुऊ नका. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच घ्या आणि पिकावरच फवारा. आभाळ भरून आलेले असताना फवारणी करू नका. औषध वाया जाते आणि ते पाण्याकडेच जाते. उरलेले द्रावण नाल्यात ओतण्यापेक्षा मोजूनच कमी करा. या गोष्टींना ठराव लागत नाही.

बैठकीला येताना घरातल्या औषधांची आणि स्टिकरची माहितीपत्रके घेऊन या. बाटल्या आणू नका, कागदच आणा. ते एकत्र ठेवून या तीन ओळींपैकी किती ओळी कोणत्या कागदावर सापडतात ते सर्वांसमोर वाचू, आणि सरकारला पाठवायच्या ठरावाला तीच यादी जोडू.